गौरी गेल्या, रेंज आली

गौरी-गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. काकीचा मोठा मुलगा, म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि दोन पोरं परत मुंबईला निघाली होती आणि त्यांना सोडायला आम्ही सगळे तिठ्यावर उभे. प्रायव्हेट बस नेहमीसारखी लेट, वर भुरभुर पाऊस, रस्त्याच्या कडेला बोचक्यांची रांग, कुणाचे सोललेले नारळ, कुणाचं तवसं, कुणाच्या डब्यात उरलेल्या नेवऱ्या, आणि सगळ्या वाडीची तीच ती वाक्यं, पोचल्यावर फोन करा, पोरांना भिजू देऊ नका, मे महिन्यात जरा लवकर या. बस आली, पाच मिनिटांत भरली आणि वळणापलीकडे गेली. काकीने पदर डोळ्याला लावला, म्हणाली, "आता घर खावक उठतलां." आणि नेमकं तेव्हाच माझ्या खिशातला फोन वाजायला लागला, टिंग, टिंग, टिंग, आठवडाभर कुठेतरी अडकून पडलेले मेसेज, ऑफिसचे मेल, मिस्ड कॉलचे एसएमएस, एका ग्रुपवरचे मोदकांचे फोटोच्या फोटो. मी फोन काढला, दांड्या फुल्ल, आणि काकी शेजारी डोळे पुसत असताना मी काय केलं तर स्पीड टेस्ट लावली. तेवीस एमबीपीएस. मला आनंद झाला. अगदी हुश्श करून, मनापासून झाला.

आता एक बस गेली म्हणून लगेच रेंज येते असं काही नसतं हे मला कळतं. सकाळपासूनच गाड्या सुटत होत्या, दुपारची रेल्वे भरून गेली होती, त्यामुळे नेट हळूहळू मोकळं होत आलं असणार आणि मी फक्त तेव्हा बघितलं. पण तो आनंद काही उगाच झाला नव्हता. आठवडाभर मी मनातल्या मनात दिवसच मोजत होतो, कुणाचा गणपती पाच दिवसांचा, कुणाचा सात, कोण गौरी झाल्या की निघणार आणि कोण अकरा दिवस थांबणार, आणि हे सगळं मी भक्तिभावाने विचारत होतो असं लोकांना वाटत होतं.

ते तेव्हापासून डोक्यात बसलंय.

आमच्याकडे घरचं नेट म्हणजे मोबाईलचंच नेट. कुडाळपासून आत, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याला आमची वाडी, घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड, वर कौलं आणि पडवीला पत्रा. आजोबांनी बांधलं तेव्हा पाऊस आणि ऊन बाहेर ठेवायचं एवढाच हिशोब होता, त्यांनी तो इतका चोख केला की फोर जीसुद्धा बाहेरच राहिलं. माजघरात फोन धरला की सिग्नल उणे एकशे अठरा, म्हणजे फोनला टॉवरचा आवाज जेमतेम ऐकू येतोय एवढंच. तोच फोन घेऊन पोटमाळ्यावर चढलं, कौलाजवळ धरला, की उणे अठ्ठ्याण्णव. आकडा बघून वाटतं वीसचाच तर फरक, पण हे डेसिबलचं गणित वेगळं असतं, वीस म्हणजे सिग्नलची ताकद शंभर पट. एका शिडीच्या अंतरात शंभर पट. त्या दिवशी मी ठरवलं की या घरात नेट राहणार ते कौलांच्या वरच, आपण खाली राहायचं आणि वायरने ते खाली आणायचं.

मग सुरू झाली ती भानगड ज्याच्याबद्दल गावात राहून लॅपटॉपवर काम करणाऱ्या कुणाशीही बोला, तो तासभर बोलेल. आधी साधा हॉटस्पॉट, मग डोंगल, मग सिम टाकायचा राऊटर, मग त्या राऊटरला बाहेरचा अँटेना, मग लक्षात आलं की अँटेनापासून राऊटरपर्यंतची केबल लांब झाली की जे वर मिळवलं ते केबलमध्येच संपतं, म्हणून शेवटी राऊटरच डब्यात घालून वर कोनाच्या बाजूला बसवला आणि खाली फक्त लॅनची वायर सोडली, तिच्यातूनच त्याला करंट. वाडीतला वायरिंग करणारा पोरगा कौलांवर, मी खळ्यात लॅपटॉप घेऊन, आई दारात. तो बांबू फिरवणार आणि विचारणार, "आता?" मी म्हणणार नाय. "आता?" जरा डावीकडे. आई मध्येच म्हणाली, दूरदर्शनच्या टायमाक तुझो बापूस असोच वर चढलेलो, तो खाली उतरेपर्यंत सिनेमा संपलेलो. ते सगळं जुळलं, चार दिवस झकास चाललं आणि पाचव्या दिवशी वांदरांनी केबल खाल्ली. खाल्ली म्हणजे ओढून, चावून, तोडून टाकली. आता ती लोखंडी पाइपातून जाते. कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीला मी हे एकदा सांगितलं होतं, ती म्हणाली सर तुमची तक्रार कुठल्या कॅटेगरीत टाकू.

यातली एक गंमत फार उशिरा कळली. टॉवर एकच असला तरी त्यावरून येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या असतात. ८५० मेगाहर्ट्‌झवाली लांब जाते, झाडातून भिंतीतून त्यातल्या त्यात वाट काढते, पण तिची रुंदी कमी, त्यामुळे माल कमी. १८०० किंवा २३०० वाली माल भरपूर देते पण तिला समोर मोकळं लागतं, एक फणस आडवा आला की तिचा जीव जातो. फोन आपला बिचारा जिचा आवाज मोठा ऐकू येईल तिलाच चिकटतो, आणि गावात मोठा आवाज बहुतेक वेळा त्या लांब जाणाऱ्या पट्ट्याचा. म्हणजे रेंज दिसते आणि नेट चालत नाही. राऊटरमध्ये जाऊन हाताने पट्टा बांधून ठेवता येतो हे मला कळलं तेव्हा मी अख्खी रात्र जागून ते केलं आणि सकाळी आईला सांगायला गेलो, आई म्हणाली आधी चाय घे.

गावात रेंज ही गोष्ट तशी आधीपासूनच शोधायची गोष्ट. लहानपणी कुडाळच्या एसटीडी बूथपर्यंत जायचं, मुंबईचा फोन लावायचा आणि मीटरवरचे आकडे बघत बोलायचं. मग ते डब्ल्यूएलएलचे, म्हणजे बिनतारी, फोन आले, दिसायला घरातल्या फोनसारखे पण मागे अँटेनाची काडी, काही घरांत तर त्याचाही अँटेना बांबूवर. मग मोबाईल. प्रत्येक घराची रेंजची एक जागा ठरलेली असायची, कुणाची विहिरीच्या कठड्यावर, कुणाची गोठ्यामागे, आमची फणसाखाली. तिथे खिळा मारून प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन टांगलेला असे आणि वाजला की जो जवळ असेल तो धावे. त्या जागेवर उभं राहून अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं बोलावं लागायचं, त्यामुळे कुणाचं लग्न कुठे अडलंय आणि कुणाची मनीऑर्डर का आली नाही हे सगळ्यांना माहीत. मला त्याचं फार कौतुक नाही. ओल्या रात्री टॉर्च घेऊन फणसाखाली उभं राहून बाबांच्या ऑपरेशनबद्दल ओरडून बोलायला लागलंय आम्हाला.

जिओ सुरू झालं ५ सप्टेंबर २०१६ ला. त्या वर्षी त्याच दिवशी गणेश चतुर्थी होती. म्हणजे सगळा गाव भरलेला, प्रत्येक घरात मुंबईहून आलेला कुणीतरी, आणि त्या कुणाच्यातरी खिशात नवं फुकटचं सिम, वर्ष संपेपर्यंत फुकट, पुढे ते मार्चपर्यंत वाढलं. त्या चतुर्थीला मी पण चाकरमानीच होतो, ठाण्याहून आलेलो. आरती संपल्यावर पोरं ओटीवर बसून एकमेकांना व्हिडिओ दाखवत होती आणि म्हातारी माणसं त्यांच्या मागे उभी राहून. काही वर्षांत मग गावाला इतकी सवय झाली की दिवसाचा दीड-दोन जीबी संपला, स्पीड ६४ केबीपीएसवर आला, की पोरं रात्रीचे बारा वाजायची वाट बघायला लागली. बाराला नवीन डेटा येतो. पूर्वी बाराला भुतं यायची.

मी गावाला कायमचा आलो तो नंतर, आईला एकटं ठेवणं बरं दिसेना म्हणून, आणि पुण्याच्या कंपनीने घरून काम करायला हरकत नाही म्हटलं म्हणून. अट एकच, नेट चालू पाहिजे. मी सुट्टीला यायचो तेव्हाचा अनुभव सांगून लोक घाबरवत होते, गावाला कसलं नेट, गणपतीत व्हॉट्सॲप पण जात नाही. आणि जून महिन्यात येऊन बघतो तर नेट उत्तम. सकाळी उत्तम, रात्री तर काय विचारू नका, ठाण्याच्या फ्लॅटपेक्षा बरं. मला वाटलं टॉवर सुधारला असेल.

टॉवर तोच होता. माणसं नव्हती.

हे फोनवरच्या दांड्या सांगत नाहीत. दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज किती मोठा येतोय, त्या टॉवरवर आणखी किती जण लटकलेत हे त्यातून कळत नाही. दहा मेगाहर्ट्‌झचा पट्टा असेल तर फोर जीच्या हिशोबात त्यातून कागदावर पंचाहत्तर एमबीपीएस निघतात, प्रत्यक्षात बरेच कमी, आणि ते टॉवरच्या त्या तोंडासमोरच्या, म्हणजे त्याचा अँटेना ज्या बाजूला बघतो त्या बाजूच्या, सगळ्यांत मिळून. वायरचं नेट पण पुढे जाऊन वाटलंच जातं, पण निदान घरापर्यंतची वायर आपली असते. मोबाईलच्या नेटमध्ये आपलं असं काहीच नसतं, वाडीची एकच विहीर आणि ज्याची त्याची कळशी. त्यात लांबच्या, वाईट सिग्नलवाल्या माणसाला तेवढंच पाणी द्यायला टॉवरला जास्त वेळ घालवावा लागतो, म्हणजे खाली माजघरात बसून पिक्चर बघणारा एकटा माणूस सड्यावरच्या चौघांचं नेट हळू करतो. आणि सड्यावरच्या टॉवरलाच मुळात फायबर नाही, त्याला शेजारच्या टॉवरकडून ती गोल ढोलकीसारखी डिश हवेतूनच पुरवठा करते. सगळं हवेवर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हे डोळ्यांनी दिसतं. पहिली गाडी पहाटे येते तेव्हा नेट ठीक असतं. दुपारपर्यंत व्हिडिओ कॉलमधली माणसं चौकोन चौकोन व्हायला लागतात. संध्याकाळी माझा आवाज पुण्यात पोचत नाही. रात्री भजन. आणि हल्लीचं भजन म्हणजे बुवा गातोय, पखवाज वाजतोय आणि समोर बसलेल्यांपैकी निम्मे फेसबुक लाइव्ह. म्हणजे अपलोड, आणि अपलोडची वाट आधीच अरुंद. जे मुंबईत राहिलेत, ज्यांना रजा मिळाली नाही, ते तिकडून हे लाइव्ह बघत असतात आणि खाली लिहितात आवाज तुटतोय. मी ओटीवर बसून राऊटरच्या पानावरचे आकडे बघत असतो. फुगड्या चालू, आई बोलावतेय, आणि मी गिगाबाइट बघतोय. ज्या घराला वर्षभर कुलूप असतं त्या घरात दिवे लागलेले बघून मला आधी काय वाटायचं आणि आता पहिल्यांदा काय वाटतं, हे मलाच बरं वाटत नाही. दिवा दिसला की मी मनात आकडा धरतो, पाच माणसं, पाच फोन, एक टीव्ही.

आणि २०२० साल आठवतं तेव्हा तर हे सगळं फारच उघडं पडतं. लॉकडाऊन लागला आणि एप्रिल-मेमध्ये ई-पास काढून, पास नसला तर मिळेल त्या वाटेने, माणसं गावाला यायला लागली. शाळांमध्ये क्वारंटाइन, चौदा दिवस, खिडकीतून डबे. तेव्हा गावात दोन तट पडले, यांना घ्यायचं की नाही. मी त्या भांडणात कुठे बोललो नाही, पण रोज रात्री नेट बघत होतो. जूनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि मग जे नेट चार पेन्शनर आणि माझ्यासारख्या एकदोघांसाठी पुरत होतं त्याच्यावर अख्खी पिढी येऊन बसली. पोरं छत्री घेऊन सड्यावर. कातळावर गोणपाट अंथरून, एकाच फोनवर तिघं, गणित. वर आभाळ फुटल्यासारखा पाऊस, खाली ओला सडा, आणि मधूनच एखादी आई खालून हाक मारतेय. माझे तेव्हाचे मेल काढून बघितले तर प्रत्येकात एकच वाक्य, नेटवर्क इश्यू आहे, उद्या करतो.

तर गंमत अशी की ज्या वर्षी आमचा गाव खरोखर गावासारखा भरला होता, गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, दुरुस्त झाले, पड जमिनीत नाचणी दिसली, पंचवीस वर्षं बंद असलेली खोली कुणीतरी झाडून काढली, त्या वर्षी गावात नेट नव्हतं. आणि आता ते छान चालतंय. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ती ८ लाख ४९ हजार झाली. सगळा महाराष्ट्र वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कमी झाले. (कमी झालेला तिसरा जिल्हा कुठला तर मुंबई शहर, म्हणजे आमची माणसं तिथून पण पुढे सरकली, नालासोपारा, दिवा, बदलापूर.) मी रात्री स्पीड टेस्ट लावतो आणि काटा वर जातो तेव्हा मला आता तो या आकड्यांचाच काटा वाटतो. माझं नेट चांगलं आहे कारण माझा गाव रिकामा आहे. आणि फायबर येत नाही त्याचं कारणही तेच, एवढ्याशा घरांसाठी व्हाळ ओलांडून, झाडांतून, गडग्यांवरून वायर कोण ओढणार.

फायबर अगदीच आलं नाही असं नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तिचं नाव २०१५ मध्ये भारतनेट झालं, देशात अडीच लाखाच्या आसपास पंचायती. पंचायतीपर्यंत. पंचायत आमच्या वाडीपासून दोन डोंगर पलीकडे. मधल्या काळात जिओने एअरफायबर आणलं, वायरशिवाय घरचं नेट, छतावर डबा बसवायचा आणि तो फाइव्ह जीच्या टॉवरकडून नेट घेणार. तारीख बघा, १९ सप्टेंबर २०२३, पुन्हा गणेश चतुर्थीच. सुरुवात आठ मोठ्या शहरांतून. ती जाहिरात बघून तो वायरिंगवाला पोरगा मला म्हणाला, ह्या आपण बांबूर केलेलां मां! आम्ही हसलो, पण ते खरं आहे, शहरात नवीन म्हणून विकलं जाणारं ते आमच्याकडे नाइलाज म्हणून आधीच कौलावर चढलं होतं. आता तर उपग्रहाचं नेट येणार म्हणतात. येऊ दे. वांदरांना काय, डिश पण चालेल.

पावसाचं मात्र वेगळं सांगायला पाहिजे. लोकांना वाटतं पावसाने मोबाईलची लहर भिजते. आपल्या फोनच्या लहरींना पावसाचं एवढं काही वाटत नाही, त्रास होतो तो त्या टॉवर-टॉवरमधल्या डिशच्या लहरींना, त्या बऱ्याच वरच्या पट्ट्यातल्या, मुसळधार पडायला लागला की त्या वाटेत विरतात. शिवाय झाडं. मे महिन्यातली कोरडी झाडी आणि जुलैमधली पाण्याने लदलदलेली झाडी यात लहरीच्या दृष्टीने फार फरक, ओलं पान तिला गिळतं. आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लाईट. लाईट गेली की माझा इन्व्हर्टर, राऊटर, लॅपटॉप सगळं चालू असतं, मी ऐटीत बसलेला असतो, आणि काही तासांनी सड्यावरच्या टॉवरची बॅटरी संपते. तिथे जनरेटर आहे, पण डिझेल घेऊन यायला गाडी पाहिजे आणि गाडीला रस्ता पाहिजे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांब आडवे, आंबे-माड रस्त्यात, आणि टॉवर एकेक करून गप्प झाले. तेव्हा कळलं की घरात तीन कंपन्यांची सिमं ठेवली म्हणजे तीन आधार झाले असं नाही, तिन्ही कंपन्यांचे अँटेना बऱ्याचदा एकाच टॉवरवर टांगलेले असतात. गाव पुन्हा चालत जाऊन निरोप सांगायला लागला. कोण बरं आहे, कुणाचं कौल उडालं, कुणाचा गोठा बसला. मला तेव्हाही पहिली काळजी लॉगिनची होती, कंपनीला कळवायचं कसं. मग मोटरसायकलने कुडाळपर्यंत जाऊन एक मेसेज टाकून आलो.

हां, आणि एक मजेशीर गोष्ट राहिलीच. मोबाईलच्या नेटवर आपल्याला स्वतःचा पत्ता नसतो, कंपनी हजारो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे उभं करते आणि तो पत्ता मुंबईचा असतो. त्यामुळे मी कुठलीही साइट उघडली की तिला मी मुंबईत वाटतो. मला दादरमधल्या पिझ्झाची जाहिरात येते. हवामान मुंबईचं दाखवतं. मी माणूस आहे की रोबो हे दिवसातून चारदा विचारतात, कारण त्या एका पत्त्यावरून इतकी माणसं येत असतात की त्यांना संशय येतो. आमच्या वाडीतली कधी कुडाळच्या पुढे न गेलेली म्हातारी सुद्धा नेटच्या लेखी मुंबईकर.

म्हातारीवरून आठवलं. आमच्या ओटीवर हल्ली संध्याकाळी बायका येतात. कौलावरच्या डब्यामुळे आमच्याकडे नेट बरं चालतं हे सगळ्यांना कळलंय आणि वायफायचा पासवर्ड मी कुणाला नाकारत नाही, म्हणजे नाकारावासा वाटतो पण आई देऊन मोकळी होते. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीच्या वेळी तर जत्रा होती. ओटीपीचा एसएमएस साध्या रेंजवर पण येतो, पान मात्र नेट असल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे फणसाखाली ओटीपी आणि आमच्या ओटीवर पान, मध्ये एक पोर धावतंय आकडे पाठ करत. ई-पीक पाहणीचं तसंच, २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची, फोटो शेतात उभं राहून काढायचा आणि रेंज शोधत सड्यावर चढायचं. मी लोकांना हे करून देतो. त्या बदल्यात कुणी अळू आणून देतं, कुणी ओल्या काजूगरांची पुडी. एकदा मी मिटिंगमध्ये प्रेझेंटेशन देत होतो आणि मागून काकी मोठ्याने म्हणाली, "माझां आधार लागत नाय रे!" पुण्याची सगळी टीम हसली. काकीला वाटलं तिला हसले. ती दोन दिवस आली नाही, आणि त्या दोन दिवसांत मला चुकल्यासारखं वाटत होतं खरं, पण नेटही जरा जास्तच पळत होतं आणि ते मी बघितलं होतं. आता प्रत्येक वेळी हे दोन्ही एकदमच होतं, एक वाटतं आणि दुसरं मोजलं जातं.

परवा शाळेतला एक मित्र, डोंबिवलीला असतो, त्याचा फोन आला. त्याचं घर आमच्या घराच्या वरच्या अंगाला, आईवडील गेल्यापासून कुलूप. म्हणाला, कंपनी महिन्यातून एकदाच ऑफिसला बोलावते, बायकोलाही चालेल म्हणते, पोरगा लहान आहे, "मी गावाक येवक बघतंय. नेट कसा असा रे थयसर?" मला बरं वाटलं. खरंच वाटलं, त्याच्या घरी दिवा म्हणजे आमच्या रात्री जरा कमी काळ्या. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, दोघं कामाला, दोन व्हिडिओ कॉल, पोराचं कार्टून, तेही सगळं माझ्याच टॉवरच्या त्याच तोंडासमोर.

म्हटलं, "तू येईपर्यंत बरां असा."

तो हसला. मग मी त्याला सांगितलं की दुसऱ्या कंपनीचं सिम घे, तिचा टॉवर समोरच्या डोंगरावर आहे, वेगळा, आणि त्याच्यावर सध्या फारसं कुणी नाही. हे मी त्याच्या भल्यासाठी सांगितलं का माझ्या, ते सोडा, सल्ला बरोबर होता. त्याने त्याच रात्री घराचे जुने फोटो धुंडाळले, मी सकाळी जाऊन त्याच्या खळ्यात उभा राहून मोजलं, सगळं ठीक, फक्त समोरच्या डोंगराकडे बघायला मध्ये एक माड येतो. उंच, जुना, नारळ धड लागत नाहीत. मी म्हटलं, तोडून टाक. तो म्हणाला, सामायिक आहे. सातबाऱ्यावर सगळ्या भावकीची नावं, एक काका बडोद्याला, एक आते बेळगावला, दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि माड तोडायचा म्हटला की दोघं एक होतील. फोनवर असला विषय निघणारच नाही. चतुर्थीला सगळे येतात, तेव्हा बसून बोलू म्हणाला.

म्हटलं बोल, पण समोरासमोरच बोल, तेव्हा फोन लागायचा नाही.